सोंगातली बुढी



बांधीतलं धान निघालं, पुंजणे लागले, चुरणं आटोपत आलं, म्हणजे आपल्याकडे नाटकाचे दिवस. दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतात, आणि पटाच्या गावात रात्री नाटक असतंच. मोकळ्या बांधीत समोरची जागा खोदून खोलगट करतात, म्हणजे मागच्याला पुढच्याचं डोकं आडवं येत नाही. पोती, सतरंज्या, घोंगड्या घेऊन आपण जाऊन बसतो. दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. थंडीनं दात वाजत असतात, पोरं मांडीवर झोपलेली असतात, पण उठून कोणी जात नाही.

दुसऱ्या दिवशी बोरिंगवर पाणी भरताना काय बोलणं होतं ते आठवा. नायकाचं नाव कोणाला आठवत नाही. नायिका रडली ते थोडंफार आठवतं. पण त्यातला बुढा कसा खोकला, बुढीनं त्याला कसं झापलं, हे मात्र हंडा डोक्यावर ठेवता ठेवता करून दाखवतो आपण. मुख्य गोष्ट विसरते आणि कोपऱ्यातलं म्हातारं पात्र लक्षात राहतं. असं का होतं, हा एक प्रश्न. पण मला आज बोलायचं आहे ते दुसऱ्याच प्रश्नावर, आणि तो सुचला आमच्याच गटाच्या कार्यक्रमात.

काही वर्षांपूर्वी महिला दिनाला आम्ही एक छोटं नाटुकलं बसवलं होतं. त्यात एक खट्याळ म्हातारी होती. तिचं काम दिलं कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला. तिच्या केसांना पावडर लावली, पाठीवर उशी बांधली, हातात काठी दिली. पोरगी वाकून, थरथरत, लटपटत चालली आणि बाया पोट धरून हसल्या. पुढच्या रांगेत गावातल्या सात-आठ म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यातली एक, सत्तरीच्या पुढची, बसल्या जागेवरून ओरडली, "अशी कोनी चालते का वं बुढी? अजून मोहाला जातो मी!" पुन्हा हशा झाला. पण माझ्या मनात ते राहून गेलं. समोर सात-आठ खऱ्या म्हाताऱ्या बसलेल्या असताना आम्ही उशी का बांधली?

मग मी शोधत गेले. नाटकात, तमाशात, टीव्हीवर हसवणारी म्हातारी कधीपासून आहे, आणि तिचं सोंग कोण घेतं? उत्तर मजेशीर निघालं, आणि जरा टोचणारंही.

सुरुवात दंडारीपासून करू. दंडार आपल्या झाडीची जुनी कला. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीवर आणि झाडीबोलीवर आयुष्यभर काम केलं, म्हणून आज तिच्याबद्दल लिहिलेलं काही सापडतं. दंडारीत गावातलेच पुरुष नाचायचे, गायचे, आणि बाईचं सोंगही पुरुषच घ्यायचा. तरुण बाई असो की म्हातारी, लुगडं नेसणारा गडीच. बाईनं चारचौघांत नाचणं मान्यच नव्हतं, तेव्हा दुसरा मार्गही नव्हता.

तमाशातली मावशी तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. आपल्याकडच्या खडीगंमतीचं आणि तिकडच्या तमाशाचं नातं जवळचं आहे. गण झाला की गवळण येते. गवळणी दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, बरोबर एक म्हातारी मावशी असते. वाटेत कृष्ण आणि पेंद्या त्यांना अडवतात आणि दाण मागतात, म्हणजे जकात. तिथून मावशीचं काम सुरू होतं. गवळणी लाजून उभ्या राहतात आणि मावशी कमरेवर हात ठेवून पुढे येते. कसलं दाण, कोणाच्या हुकमानं, तू कोण मागणारा, असा उलटतपास घेते. प्रत्यक्ष देवाला ती सोडत नाही. मध्येच आजच्या गोष्टी घुसडते, गावच्या पाटलाला चिमटा काढते, बाजारातल्या भावावर बोलते. लोक तिच्यासाठी थांबतात.

जरा विचार करा, ही बाई करते काय? रस्त्यात अडवणाऱ्या पुरुषाला जाब विचारते. मालावर कर का द्यायचा म्हणून भांडते. हे बोलायची मुभा तरुण गवळणीला नाही, म्हातारीला आहे. घरातही असंच असतं. नवी सून बोलत नाही, सासू थोडं बोलते, आजेसासू काहीही बोलते. वय झालं की बाईची जीभ मोकळी होते, आणि मावशीचं पात्र ज्यानं कोणी पहिल्यांदा उभं केलं त्यानं हे घरात नीट बघितलेलं असणार.

पण मावशीचं लुगडं नेसून उभा असतो तो पुरुष. पूर्वी तमाशात नाचणारासुद्धा मुलगाच असायचा, त्याला नाच्या म्हणत. पुढे बाया आल्या. पठ्ठे बापूरावांच्या जोडीनं पवळाबाईंचं नाव आजही घेतलं जातं. त्यांच्या मागून कितीतरी जणी आल्या आणि नाच्याचं काम बायांकडे गेलं. मावशीचं काम मात्र गेलं नाही. फडात दहा-दहा बाया असल्या तरी मावशी पुरुषच राहिला, आजही बहुतेक ठिकाणी तसंच आहे. म्हणजे बाई आली ती नाचायला, दिसायला. बोलून हसवण्याचं काम गड्यांनी आपल्याकडेच ठेवलं. बाईच्या तोंडी तशी भाषा शोभत नाही, असं कारण सांगतात. मला ते पटत नाही. रोवणीच्या चिखलात, पऱ्हे लावताना बाया एकमेकींना काय काय बोलतात हे ज्याला माहीत आहे, त्यालाही पटणार नाही.

संगीत नाटकांत म्हातारा पुरुष आला, आणि तो वेगळ्याच कारणानं आला. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं. त्यातला भुजंगनाथ हा पंचाहत्तरीतला श्रीमंत म्हातारा. त्याला लग्न करायचं आहे शारदेशी, जी अजून पोरच आहे. बाप पैशासाठी तयार आहे, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित पुढे पुढे करतो आहे. देवलांनी या म्हाताऱ्याला राक्षस केलं नाही, हास्यास्पद केलं. तो तरुण दिसायला धडपडतो आणि लोक हसतात. त्या काळी जरठ-बाला विवाह घरोघरी होत. अशा लग्नाला मांडवात बसून गोड खाणारेच लोक नाटकात भुजंगनाथाला हसले. एकदा हसू आलेल्या गोष्टीला पुन्हा मान देणं कठीण जातं. पुढे १९२९ साली बालविवाहाविरुद्ध कायदा झाला, मुलीचं लग्नाचं वय किमान चौदा ठरलं. त्याला शारदा कायदा म्हणतात ते हरविलास सारडा यांच्या नावावरून. नाटकातल्या शारदेशी त्याचा संबंध नाही, तरी आपल्याकडे पुष्कळांना तसं वाटतं, आणि ते वाटणंही समजण्यासारखं आहे.

भुजंगनाथ आणि मावशी शेजारी ठेवून बघा. म्हाताऱ्याला लोक हसतात तो चुकीची इच्छा धरतो म्हणून. म्हातारीला हसतात ती खरं बोलते म्हणून. आणि दोघांचंही सोंग पुरुषच घेतो. शारदेचं कामसुद्धा तेव्हा मुलगाच करायचा.

नाटकात खऱ्या बाया आल्या त्यालाही फार वर्षं झाली नाहीत. हिराबाई बडोदेकर १९२९ च्या सुमारास स्वतःची नाटक मंडळी काढून उभ्या राहिल्या. १९३३ साली मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' झालं, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी कामं केली, आणि घरंदाज बाईनं नाटकात काम करण्याची लाज हळूहळू कमी झाली. पण दार उघडलं ते तरुण, गाणाऱ्या, दिसायला चांगल्या बाईसाठी. म्हातारी अजून बाहेरच होती.

आता टीव्हीकडे येते. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आपल्या भागात टीव्ही पोचायला अजून बरीच वर्षं जायची होती. घरगुती मालिकेची सुरुवात देशात झाली ती 'हम लोग' पासून, ७ जुलै १९८४ ला. या मालिकेच्या मुळाशी आपल्या विदर्भाचा एक माणूस आहे. वसंत साठे. वर्ध्याचे खासदार, केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. मेक्सिको देशात त्यांनी पाहिलं की तिथे घरगुती मालिकेतून कुटुंब नियोजन, साक्षरता असे विषय लोकांपर्यंत नेतात, भाषण न देता. तीच कल्पना इथे आली. मनोहर श्याम जोशींनी लिहिली, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलायचे.

त्या घरात एक दादी होती. चिडकी, हट्टी, सुनेला टोमणे मारणारी, आणि हसवणारी. लोकांनी मालिका बघितली त्यात तिचा वाटा मोठा. मग लेखकानं काय केलं, तर कर्करोग त्या दादीलाच दिला. तेव्हा घरात कर्करोगाचं नाव घेत नसत, गाठ झाली म्हणत आणि गप्प बसत. जी रोज हसवते तिलाच आजार झाला म्हटल्यावर लोक हळहळले, घरातल्या माणसासारखे. जड विषय घरात आणायचा तर तो हसवणाऱ्या म्हातारीच्या पदरात बांधून आणावा, हे त्या लेखकाला कळलं होतं.

ही दादी रंगवली सुषमा सेठ यांनी. मालिका सुरू झाली तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. म्हणजे पुरुषाच्या ऐवजी बाई आली, पण म्हातारी काही आली नाही. त्याच वर्षी 'सारांश' सिनेमा आला. शिवाजी पार्कजवळच्या म्हाताऱ्या मराठी नवरा-बायकोची गोष्ट. बायकोचं काम केलं पुण्याच्या रोहिणी हट्टंगडींनी, वय तेहतीसच्या आत-बाहेर. नवरा झालेले अनुपम खेर तर तिशीच्याही आतले. दोघांनी काम अप्रतिम केलं, त्याबद्दल शंका नाही. पण नट मंडळींमध्ये एक गोष्ट सर्रास दिसते. चाळिशी ओलांडली की नटीला आईची कामं, पन्नाशीला आजीची. त्याच वयाचा नट नायक म्हणून नाचत असतो. मग खरोखर सत्तर वर्षांची झालेली नटी करणार काय? तिच्या वयाची जागा आधीच तिच्याहून वीस वर्षांनी लहान बाईनं घेतलेली असते.

हे सगळीकडे असंच आहे का, म्हणून मी दूरवर बघितलं. आपल्याकडे 'हम लोग' चालू असतानाच, १९ फेब्रुवारी १९८५ ला, इंग्लंडमध्ये 'ईस्टएंडर्स' नावाची मालिका सुरू झाली. लंडनच्या एका साध्या वस्तीची, बाजार, खानावळ, भांडणं, लग्नं. ती अजून चालू आहे. तिच्यात एथेल नावाची म्हातारी होती. विधवा, एकटी, बोलघेवडी. तिचं एक चपट्या नाकाचं लाडकं कुत्रं, नाव विली. शब्दांचा घोळ घालायची, शेजारच्यांच्या बातम्या इकडून तिकडे न्यायची, तरुणपणी कोण कोण आपल्या मागे होतं ते रंगवून सांगायची. गोष्टीत तिचं काम कडेचं, हसवायचं. मालिका सुरू झाली तेव्हा तिचं काम करणाऱ्या ग्रेचेन फ्रँकलिन त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. पावडर नाही, उशी नाही. खरी म्हातारी.

पुढे त्यांनी नियमित काम थांबवलं, अधूनमधून येत राहिल्या. २००० साली लेखकांनी त्यांना शेवटचं बोलावलं. एथेलला बरा न होणारा आजार आहे, ती मैत्रीण डॉटच्या घरी येऊन राहते. दुखणं सहन होत नाही आणि ती डॉटला विनवते की मला जाऊ दे, मदत कर. डॉट देवभीरू, चर्चला जाणारी. तिला हे पाप वाटतं, आणि मैत्रिणीचे हालही बघवत नाहीत. शेवटी ती तिचं ऐकते आणि नंतर कितीतरी दिवस त्या ओझ्यानं खंगते. कायद्यानं ते तिथे गुन्हाच आहे. बरोबर की चूक, यावर इंग्लंडात घरोघरी बोलणं झालं. तो प्रश्न फार मोठा आहे आणि मी त्यात शिरत नाही. मला एवढंच सांगायचं आहे की तेव्हा फ्रँकलिनबाई एकोणनव्वद वर्षांच्या होत्या, आणि कुत्रं कडेवर घेऊन हसवणाऱ्या बाईवर त्या मालिकेनं आपला सगळ्यात जड प्रसंग सोपवला. पाच वर्षांनी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या.

डॉट झालेल्या जून ब्राऊन यांचंही ऐका. ३१ जानेवारी २००८ च्या भागात पूर्ण वेळ पडद्यावर त्या एकट्या होत्या. दुसरं पात्रच नाही. दवाखान्यात पडलेल्या नवऱ्यासाठी डॉट टेपवर बोलणं भरते, एवढीच गोष्ट. ऐंशी वर्षांची बाई अर्धा तास एकटी बोलते आहे आणि लोक हलत नाहीत. रेडिओवर बोलायला बसले की मला त्या बाईची आठवण येते. माझं वय तेवढं नाही, आणि मला कागद लागतो, ते सोडा.

आता परत आपल्या घरात येऊ. 'अग्गंबाई सासूबाई' तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी बघितली असेल. २०१९ ते २०२१, झी मराठीवर. आसावरी ही विधवा सासू, तिची सून शुभ्रा, मुलगा सोहम आणि आसावरीचे म्हातारे सासरे, म्हणजे आजोबा. आजोबा तापट. त्यांचा आवाज आला की आसावरीच्या हातातलं भांडं पडायचं. पण त्या तापटपणात गंमत होती, म्हणून ते घराचे लाडके झाले. गोष्ट होती पन्नाशी ओलांडलेल्या विधवेच्या दुसऱ्या लग्नाची, आणि ते लावायला पुढे होते कोण, तर सून. २०२० च्या सुरुवातीला मालिकेत ते लग्न लागलं. आपल्याकडे किती घरांत टीव्हीसमोर म्हाताऱ्या सासवा आणि विधवा सुना शेजारी बसून ते लग्न बघत होत्या, हे आपल्याला माहीत आहे. कोणी नाक मुरडलं, कोणी गुपचूप डोळे पुसले.

मला एक खटकलं तेही सांगते. पन्नाशीच्या बाईनं कोणाशी लग्न करावं, यासाठी सासऱ्याचा होकार का लागावा? पण आपल्या घरांत तो लागतो, हे खरं आहे. आणि तो होकार कडू चेहऱ्याच्या, उपदेश करणाऱ्या म्हाताऱ्याकडून आला असता तर कोणाच्या गळी उतरला नसता. ज्याच्यावर आपण महिनोन्‌महिने हसलो, ज्याला आपलं मानलं, त्याच्याकडून आला म्हणून उतरला. इथेही तेच, दादीसारखं.

हे आजोबा म्हणजे रवी पटवर्धन. मालिका सुरू झाली तेव्हा ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते. शेतकरी घरांतल्या जुन्या माणसांना ते वेगळ्याच नावानं आठवतील. दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं' मधल्या गप्पागोष्टींत ते वस्ताद पाटील व्हायचे. रत्नाकर मतकरींच्या 'आरण्यक' नाटकात त्यांनी धृतराष्ट्र केला, आणि पुढे कितीतरी वर्षांनी, ऐंशीच्या घरात असताना, तोच धृतराष्ट्र पुन्हा उभा केला. डिसेंबर २०२० मध्ये ठाण्यात ते गेले, मालिका चालू असतानाच. मग आजोबांच्या जागी मोहन जोशी आले.

त्याच वर्षात आणखी एक गोष्ट घडली. करोनानं मार्चमध्ये सगळं चित्रीकरण बंद पडलं. मे महिन्याच्या शेवटी सरकारनं परवानगी दिली ती एका अटीवर, की पासष्ट वर्षांवरच्या कोणी सेटवर यायचं नाही. काळजीपोटीच घातलेली अट, पण तिचा अर्थ असा झाला की म्हाताऱ्यांचं काम करणारे म्हातारे घरी बसले. मोठ्या नटांचं निभलं. छोट्या भूमिका करून रोजावर पोट भरणाऱ्यांचं काय? सत्तर वर्षांचा असाच एक नट मुंबई उच्च न्यायालयात गेला. म्हणाला, मी चाळीस वर्षं हेच करतो, मला दुसरं काही येत नाही, पासष्टच्या पुढचा दुकानदार दुकान उघडू शकतो तर मी का जाऊ नये? ७ ऑगस्ट २०२० ला न्यायालयानं ती अट रद्द केली. इतरांना जी मुभा आहे ती यांना नाकारणं हा भेदभाव आहे, असं ठरलं.

हे वाचताना मला रोजगार हमीच्या कामावरची आपली बुढी आठवली. 'तुझं आता वय झालं, तू घरी बस,' असं तिला सांगतात. चांगल्या मनानं सांगतात. घरी बसून खायचं काय, ते कोणी सांगत नाही.

आपल्या झाडीपट्टीचाही तो हंगाम बहुतेक कोरडाच गेला. वडसा, म्हणजे देसाईगंज, तिथे नाटक मंडळ्यांच्या कार्यालयांची रांग आहे. आपल्या तालुक्यातल्या नवरगावला सदानंद बोरकरांचं श्री व्यंकटेश नाट्य मंडळ आहे. एरवी दिवाळीनंतर तिथून रोज गाड्या सुटतात. नट, नटी, वादक, पडदेवाले, सगळे दुपारी निघून रात्री गावात, पहाटेपर्यंत नाटक, आणि उजाडता परत. त्या वर्षी गाड्या उभ्याच राहिल्या. कोणी मजुरीला गेलं, कोणी भाजी विकली.

या रंगभूमीचं नाव देशभर झालं ते एका हसवणाऱ्या माणसामुळेच. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे. पाच हजारांवर प्रयोग, आठशे वेगवेगळ्या भूमिका. लोक त्यांची तुलना दादा कोंडक्यांशी करतात. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या चार जिल्ह्यांत केवढा आनंद झाला होता. गावच्या पटात हसवणाऱ्या माणसाला राष्ट्रपती भवनात बोलावतात, हे आपल्या डोळ्यांनी दिसलं. मान मिळायलाच हवा होता. मी फक्त एवढं बघते आहे की तिथपर्यंत पोचलेला पुरुष आहे. झाडीपट्टीत आता बाईचं काम बाईच करते, नागपूरहून, वडशाहून नट्या येतात, रात्र रात्र जागून गावोगाव फिरतात. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्यांतली एखादी साठीला पोचली की दिसेनाशी होते. म्हातारा नट मात्र म्हाताऱ्याच्या कामात दिसत राहतो. एखाद्या नाटकाला गेलात तर बघा, बुढीचं काम कोण करतं आहे, आणि आम्हाला गटाच्या पत्त्यावर कळवा. पत्र लिहिता येत नसेल तर कोणाकडून लिहून घ्या.

त्या महिला दिनानंतर आम्ही काय केलं ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या वर्षी नाटुकलं बसवायची वेळ आली तेव्हा मी आणि गटाच्या सचिव ताई त्या ओरडणाऱ्या आजीच्या घरी गेलो. ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. आम्ही म्हटलं, "आजी, यंदा बुढीचं काम तुम्हीच करा." तिला आधी वाटलं आम्ही गंमत करतो आहोत. सुनेनं आतून हाक मारली, "लोकं हासतीन वं माय!" आजी म्हणाली, "हासाले तं बलावते नं मले." मग आमच्याकडे वळून तिनं दोनच गोष्टी विचारल्या. बोलायचं पाठ करावं लागेल का, आणि लुगडं स्वतःचं चालेल का.

पाठ काही केलं नाही तिनं. आम्ही लिहून दिलेलं बाजूला ठेवलं आणि मनानंच बोलली. काठी दिली होती ती उगारायला वापरली. लिहिलं होतं पाच मिनिटांचं, तिनं घेतली पंचवीस. आणि सरपंच पुढच्या खुर्चीवर बसले होते, त्यांना बोरिंगचा दांडा कधीपासून मोडला आहे ते भर सभेत तारखेनिशी विचारलं.

दांडा त्याच आठवड्यात बसला. यंदा तिनं आधीच निरोप पाठवला आहे, "माह्या पार्टीत अजून दोन बुढ्या घ्या. एकटीले भांडाले मजा येत नाही."